मामाच्या गाडीचं टायमिंग

कोल्हापूर सोडलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली, याचा मला इतका आनंद झाला की नवऱ्याने दिलेला डबा मी फाटकाच्या भिंतीवरच विसरले. विनायक तो घेऊन कोपऱ्यापर्यंत धावत आला. चार महिने त्या माणसाने गॅलरीत रॉकेलचा वास, आंघोळीच्या बादलीत बुडवलेला कार्बोरेटर आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला पिस्टन सहन केला होता. त्यामुळे डबा देताना त्याच्या चेहऱ्यावर निरोपाचं दुःख होतं की गॅलरी मोकळी झाल्याचं समाधान, हे मी नीट पाहिलं नाही.

मी शाळेत गणित शिकवते. वय अठ्ठेचाळीस. गाडी माझ्या मामाची. जुनी, टू-स्ट्रोक, किकवर चालणारी मोटरसायकल. मामा रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत जन्मभर फिटर होता. त्याच्या गाडीच्या टाकीवर बसून मी कान देऊन ऐकायला शिकले. 'हा टॅक टॅक कुठून येतोय सांग,' असं तो विचारायचा आणि मी पिस्टनपासून साखळीपर्यंत काहीही ठोकून द्यायचे. गुडघे गेल्यावर त्याने गाडी मला दिली. 'त्यात आता काही उरलं नाही, भंगारात घाल,' म्हणाला. ती पाच वर्षं माझ्या पार्किंगमध्ये उभी राहिली.

यंदा श्रावणात मामीचा फोन आला. मामाचा उजवा कान आधीच गेला होता, आता डावाही चालला आहे. डॉक्टर म्हणाले, किती दिवस राहील सांगता येत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी पान्यांची पेटी काढली. एकच गोष्ट मनात होती: मामाला ऐकू येतंय तोवर त्याची गाडी त्याच्या दारात वाजली पाहिजे.

इथवर सगळं ठीक होतं. गाडी होती तशी दुरुस्त करून मी थांबले असते तर हे प्रवासवर्णन आंबोळ्या आणि समुद्र यांच्याबद्दल झालं असतं. पण इंजिन उघडल्यावर माणसाच्या अंगात येतं. फोनवर व्हिडिओ पाहून मी सिलिंडरची पोर्टं, म्हणजे पेट्रोल आत यायची आणि धूर बाहेर जायची भोकं, कानशीने घासून रुंद केली. दुसऱ्याच गाडीचा कार्बोरेटर बसवला. ऑइलचा पंप काढून टाकला आणि ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळू लागले. शेवटी पिकअप वाढावा म्हणून टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, थोडं पुढे घेतलं. गाडी पळायला लागली. रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून आले तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

मलकापूर सोडलं की ऊस मागे पडतो आणि हवेत गारवा येतो. घाटमाथ्यावर आंबा गावात चहा घेतला. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते, घाटातलं गवत सोनेरी व्हायला लागलं होतं आणि खाली दरीत धुकं अजून उठलं नव्हतं. मला वाटलं, घाई कशाला करायची? म्हणून मी ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि गाडी गिअरमध्ये ठेवून सगळा घाट निवांत उतरले. इंजिन घूं घूं करत मला धरून ठेवत होतं. पेट्रोलही वाचतंय, असा एक काटकसरी विचार मनात येऊन गेला.

घाट संपला, साखरप्याच्या अलीकडे सपाट रस्ता लागला. मी ॲक्सिलरेटर पिळला. गाडी पाव मैल छान पळाली. मग किंचाळल्यासारखा एक आवाज आला आणि मागचं चाक जागच्या जागी धरलं. क्लच दाबला म्हणून वाचले. गाडी फरफटत कडेला गेली आणि मी तिच्यासकट गवतात बसले. लागलं काही नाही.

अर्ध्या तासाने किक खाली गेली, पण आतून खरवडल्याचा आवाज आला. पिस्टन सिलिंडरला घासून चिकटला होता. मी गाडी ढकलायला लागले. पहिलं घर लागलं ते जांभ्या दगडाचं, कौलारू. समोरच्या खळ्यात (सारवलेल्या अंगणात) कुळीथ वाळत घातले होते आणि एक काकू काठीने कोंबड्या हाकलत होत्या. त्यांनी मला पाहिलं, गाडी पाहिली आणि घराकडे वळून हाक दिली, "अवो, भायेर या. ह्या बायची गाडी मेलीय."

भिकाजीकाका बाहेर आले. सत्तरीचे, सडपातळ, अंगात गंजीफ्रॉक आणि खिशाला पेन्सिल लावलेली खाकी अर्धी चड्डी. अठ्ठावीस वर्षं बोटीवर इंजिनखोलीत ऑइलमन होते, हे मला काकूंनी पाणी देता देता सांगितलं. त्यांची पडवी (घरापुढची ओटीसारखी जागा) बघून मला आपल्या गॅलरीची आठवण झाली. फक्त इथे प्रत्येक पाना आपापल्या खिळ्यावर होता. आंब्याच्या फवारणीचे पंप, भात झोडायच्या मशीनचं इंजिन, गवत कापायचं यंत्र, असं पंचक्रोशीतलं सगळं आजारी लोखंड तिथे औषधपाण्याला येऊन बसलं होतं.

काकांनी किकवर पाय ठेवून एकदाच दाबला आणि काढून घेतला.

"घाटात ॲक्सिलेटर सोडून आलीस?"

"हो."

"आनी आईल पेट्रोलात घालतेस?"

"हो."

"मंग पेट्रोल बंद तर आईल पन बंद. पिस्टन कोरडा. तुमी घाटावरची मानसां उतारावर पेट्रोल वाचवता नि आमच्या दारात येऊन पडता." हे त्यांनी रागाने नाही, हवामान सांगावं तसं सांगितलं. मग पंप काढून टाकलेल्या जागेकडे बोट दाखवून विचारलं, "ह्ये काम कुनी केलान?"

आता, गेले चार महिने हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून मी जीव टाकत होते. शेजाऱ्यांना, शाळेतल्या शिपायाला, भाजीवालीला मी न विचारता उत्तर दिलं होतं. पण त्या पडवीत उभी असताना माझ्या तोंडून आलं, "मेकॅनिकनं."

"कोलापुरातल्या?"

"हो."

तसं पाहिलं तर यात काहीच खोटं नव्हतं. मी कोल्हापुरातलीच आहे.

काकांनी हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, उघडलं, सिलिंडर उचलला. पिस्टनच्या एका बाजूला ओरखडे होते आणि सिलिंडरच्या भिंतीला ॲल्युमिनिअमचे चट्टे लागले होते. काकांनी पोर्टातून बोट फिरवलं. "कानस मारलान. हात बरा हाय. पन डोकं नाय." मला एकाच वेळी बरं आणि वाईट वाटलं. काकू माझ्या बाजूला उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "बायमानूस दिसलं की फसवतात मेले." मी मान डोलावली. या मान डोलावण्याची मला अजून लाज वाटते.

पुढचा सगळा दिवस मी पाहुणी होऊन बसले आणि दोघा नवराबायकोंनी माझं पाप धुतलं. काकांनी फरशी धुवायचं ॲसिड बोळ्याने लावून सिलिंडरवरचे चट्टे काढले, भरपूर पाण्याने धुतले, मग बारीक पॉलिश पेपर आडवातिडवा फिरवला. पिस्टनचे ओरखडे सपाट केले, अडकलेली रिंग मोकळी केली. हेडची तांब्याची गॅस्केट काकूंनी चुलीत लाल होईपर्यंत तापवली आणि चिमट्याने उचलून पाण्यात सोडली. असं केलं की तांबं मऊ होतं आणि पुन्हा घट्ट बसतं. हे मला व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं. सिलिंडरखालची कागदी गॅस्केट फाटली होती, तर काकांनी पुतण्याच्या लग्नाची जाड पत्रिका आणली, ती सिलिंडरखाली धरून हातोडीने कडेकडेने ठोकली आणि नवी गॅस्केट कापून काढली. वधूवरांच्या आईवडिलांची नावं इंजिनात गेली.

कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल जिथून येतं ते बारीक भोक, काकांना लहान वाटलं. खाली समुद्रसपाटीला हवा दाट, तिला पेट्रोल जास्त लागतं. फवारणीच्या एका मोडक्या पंपाचं जेट त्यांनी काढून लावून पाहिलं. आटे जुळले. "देवान दिलान," म्हणाले आणि चहा मागवला.

जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा होता. मला लाजल्यासारखं झालं, म्हणून मी 'पोट भरलं' म्हटलं. काकू म्हणाल्या, "गाडी खाल्लीस काय?" आणि आणखी एक भाकरी वाढली. मुक्कामही तिथेच झाला, कारण 'परक्या गावात बायमानसानं कुठं जायचं' या प्रश्नाचं काकूंनी माझ्या वतीने उत्तर देऊन टाकलं होतं. मामाच्या कानाची हकिगत दोघांना सांगितली आणि मामीला फोन करून उद्या येते म्हणून कळवलं. मामा शेजारीच होता. काय झालं, काय झालं, असं तो मोठ्याने विचारत होता आणि मामी सांगत होती ते त्याला ऐकू जात नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला टोचत होती. टायमिंग. ते मॅग्नेटच्या झाकणाखाली असतं आणि काकांनी ते झाकण उघडलं नव्हतं, कारण तिथे कोणी हात लावला असेल असं त्यांना वाटण्याचं काही कारण नव्हतं. टायमिंग पुढे असलं की इंजिन जास्त तापतं. मला हे माहीत होतं. पण 'मेकॅनिकनं टायमिंगही पुढे घेतलंय, या खुणेपासून इतकं' असं सांगितलं असतं तर काकांनी लगेच विचारलं असतं, तुला कसं ठाऊक. मी मनात गणित मांडलं: रत्नागिरी पन्नास किलोमीटरच्या आत, हळू जाईन, मामाच्या घरी पोचल्यावर गुपचूप मागे घेईन. एवढ्यात काय होतंय.

सकाळी घावन (तांदळाचं जाळीदार धिरडं) आणि गुळाचा चहा झाला. इंजिन जोडून तयार होतं. मी किक मारायला पुढे झाले तर काका म्हणाले, "थांब वायंच." त्यांनी पाय धुतले, टोपी घातली, घरातून नारळ आणून टाकीवर ठेवला. काकू पदर घेऊन उभ्या राहिल्या. शेजारच्या घरातले एक आजोबाही काठी टेकत आले. आमच्याकडे कामाला लागताना नारळ फुटतो, पण इथे त्याआधी गाऱ्हाणं घालतात. म्हणजे देवाला सगळी हकिगत मोठ्याने सांगायची, आणि उभे असतील त्या सगळ्यांनी प्रत्येक मागण्याला होकार द्यायचा.

काकांनी हात जोडले. इंजिनाविषयी बोलताना दोन शब्दांत आटपणारा माणूस, आता त्यांचा आवाज बदलला.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या बारा वहिवाटीच्या म्हाराजा. ही लेक काल तुज्या हद्दीत येऊन आडकली. तिच्या गाडीला मार्ग दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," तिघंही म्हणालो.

"तिच्या मामाचं कान जातायत. त्याला ह्या गाडीचा आवाज ऐकव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आनी ज्या कुना मेकॅनिकान ह्या इंजिनाची माती केलान, एका बायमानसाचा जीव धोक्यात घातलान, त्याला बुद्धी दे. त्याच्या हातनं परत कुनाचा घात होऊ देऊ नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," काकू आणि आजोबा म्हणाले.

मी गप्प. काकांनी डोळे न उघडता वाट पाहिली. गाऱ्हाणं ज्याच्यासाठी आहे त्याचा होकार नसेल तर पुढे जाता येत नाही, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. काकूंनी मला कोपराने ढोसलं. माझ्याच्याने तो शब्द निघेना. देवाचं मला तसं फार नाही, पण त्या दोघांनी माझ्यासाठी काल दिवसभर हात काळे केले होते.

"काका, मेकॅनिक मीच आहे," मी म्हटलं. "सगळं मीच केलंय. आणि टायमिंगही पुढे घेतलंय. ते तुम्हाला सांगितलं नाही."

आजोबांनी काकूंना विचारलं, "काय म्हनते?" काकूंनी त्यांना गप्प केलं.

भिकाजीकाकांनी डोळे उघडून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग परत मिटले. सुरू केलेलं गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडता येत नाही.

"बा म्हाराजा, मेकॅनिक हितंच हाय. आमाला ठाव नव्हता, तुला ठाव व्हता. तिचं चुकलंमाकलं पदरात घे, आनी तिच्या हाताला यश दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी सगळ्यांच्या आधी म्हणाले.

नारळ फुटला. काकांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, "तायमिंग तसंच ठेवून गेली असतीस, तर कुटं मेली असतीस? हातखंब्याला का पालीला?"

"माहीत नाही."

"मला बी नाय. आनी काल सगळा दिस हात बांधून बसलीस. मला एक मानूस कमी व्हता." एवढंच. त्यांनी पान्यांकडे बोट केलं. "उघड झाकन."

ते माझ्या मागे उभे राहिले आणि सगळं माझ्याकडून करून घेतलं. मी विचारलं, किती मागे घेऊ? "वायंच," म्हणाले. वायंच म्हणजे थोडंसं, पण किती थोडंसं? मी मिलिमीटरमध्ये विचारलं. "वायंच म्हंजे वायंच. तुजी खून सोड. किक मार, ऐक, घे. परत ऐक." मी सहा वेळा स्क्रू सैल केला, सहा वेळा आवळला. दर वेळी त्यांचं 'नाय अजून'. माझ्या कपाळावर घाम आला. सातव्या वेळी ते काहीच बोलले नाहीत, चहाचे कप गोळा करायला लागले. तेव्हा मला कळलं की झालं.

निघताना मी काकूंच्या पाया पडले. काकांच्या पडायला गेले तर त्यांनी हात धरला. "घाट चढायच्या आधी ह्ये मोठं जेट काढ, वरती तुजं जुनं घाल," असं सांगून कागदात बांधलेलं माझं जेट दिलं. आभार कसे मानायचे ते मला सुचेना. आभार मानून फिटेल एवढं छोटं काम हे नव्हतं. मी तसं त्यांना सांगितलंही, नीट जमलं नाही, पण सांगितलं.

पालीनंतर हवेला खारट वास आला. हातखंब्याला वळले, सड्यावरचं (जांभ्याच्या माळावरचं) गवत वाऱ्याने लोळत होतं. गाडी आपल्या चालीने चालली होती. पिकअप पूर्वीसारखा नव्हता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

मामा फाटकातच खुर्ची टाकून बसला होता. मी गाडी त्याच्यासमोर उभी केली, इंजिन चालू ठेवलं. त्याने डावा कान पुढे केला. मग कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. "ह्यात नुसती भांडी वाजतात," म्हणाला. पुन्हा कान पुढे केला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मामी माझ्याकडे बघायला तयार नव्हती. मी उशीर केला होता, एक दिवस नव्हे, पाच वर्षं.

मामा उठला आणि आत गेला. बाहेर आला तो लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन. त्याने गुडघ्यांना न जुमानता खाली बसून स्क्रू ड्रायव्हरचं टोक सिलिंडरवर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबून धरली. डोळे मिटले. आवाज हाडातून येतो, त्याला कान लागत नाही.

तो किती वेळ तसा बसला होता कोण जाणे. मामीने मध्ये दोनदा 'उठा आता' म्हटलं. मग त्याचे ओठ हलले. तो इंजिनाबरोबर पुटपुटत होता, टक टक टक टक. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्याने पुसलं नाही, दोन्ही हात गुंतले होते.

"शुभे," तो मोठ्याने म्हणाला, "इंजिन तू बांधलंस?"

मी हो आणि नाही अशी दोन्ही मान हलवली.

"तायमिंग तुझं नव्हे. तुझ्या हाताला एवढा धीर नाही. हा कोण माणूस आहे गो?"

मामाशी बोलायला मामीने ठेवलेली पाटी घेऊन मी सगळं लिहून दिलं. गॅलरी, कानस, घाट, ॲसिड, लग्नपत्रिका आणि गाऱ्हाणंसुद्धा. मामा वाचत गेला आणि 'मेकॅनिक हितंच हाय' इथे इतका हसला की मामी धावत आली.

दोन दिवस राहून मी परत निघाले तेव्हा मामा शर्ट-पँट घालून फाटकात उभा होता. "त्या माणसाला बघायचंय," म्हणाला. "मी यष्टीनं परत येईन." मामीने बरीच आदळआपट केली आणि शेवटी त्याला मफलर बांधला. शहात्तर वर्षांचा मामा माझ्यामागे बसला, एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसरा सीटखालच्या लोखंडावर, इंजिनाची थरथर लागेल असा.

भिकाजीकाकांनी आम्हाला पाहून पडवीत चटई टाकली. अठ्ठावीस वर्षं बोटीच्या इंजिनाशेजारी काढलेला माणूस, त्यांनाही जरा कमी ऐकू येत होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. दोघं एकमेकांवर ओरडून बोलायला लागले. काकू आणि मी कानांवर हात ठेवून घावन खात होतो. निम्मं त्यांना कळत नसावं, पण दोघं एकमेकांचे हात उघडून बोटांवरचे जुने चटके दाखवत होते आणि अगदी सुखात होते.

तेवढ्यात एक बागवाले फवारणीचा पंप खांद्यावर घेऊन आले. पंप सुरूच होत नव्हता आणि मोहोराआधी फवारणी व्हायला हवी होती. काकांनी मान वर केली.

"मला आज येळ नाय, पावना हाय," ते म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "ही मेकॅनिक बसलीय. हिला दाखवा."

बागवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि पंप माझ्यासमोर ठेवला. मी घावनाचे हात पुसले. खिळ्यावरचा पाना घेतला. दीड तास लागला. मध्ये एकदा मी काकांकडे पाहिलं, विचारावं म्हणून, पण ते मामाशी ओरडण्यात गुंग होते, किंवा तसं दाखवत होते. पंप सुरू झाला. बागवाल्यांनी तो उचलला आणि 'येतो' म्हणून ते गेले. मी पाना परत त्याच्या खिळ्याला लावला.

मामाला यष्टीत बसवून, जेट बदलून मी घाट चढले. हेल्मेटच्या आत सगळा वेळ रडत होते, आणि ते दुःखाचं मुळीच नव्हतं. घरी पोचले तर विनायकने दार उघडून विचारलं, डोळे इतके लाल कशाने झालेत? वाऱ्याने, असं तोंडावर आलं होतं. पण मी गाडीची किल्ली खिळ्याला लावली, पाय धुतले, आणि त्याला समोर बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं.